संगणक चालू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम कसे आवरावेत

अंबाजोगाईत संगणकाचे वर्ग घेताना आणि आसपासच्या गावांतले संगणक दुरुस्तीला येतात तेव्हा सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच असते: "सर, चालू व्हायलाच दहा मिनिटं लागायलेत." यंत्र जुने झाले किंवा त्यात व्हायरस शिरला, असा बहुतेकांचा समज असतो. कधीकधी तो खराही निघतो. पण पुष्कळदा दुखणे साधे असते. संगणक घेतल्यापासून आपण जे जे प्रोग्राम टाकत गेलो, त्यांतल्या कित्येकांनी 'विंडोज उघडताच मलाही उघडा' अशी नोंद करून ठेवलेली असते, आणि ती नोंद होत असताना आपण काहीही न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत होतो. पासवर्ड टाकताच हे सगळे एकदम जागे होतात, डिस्क आणि मेमरी यांसाठी त्यांची रेटारेटी सुरू होते आणि आपण उघडलेले ब्राउझर मागे उभे राहते.

मराठवाड्यात याला आणखी एक बाजू आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तेथूनच उचलला जातो. या सोयीला 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात आणि तिच्यामुळे सुरुवात लवकर होते. मात्र लाइट गेली, यूपीएसच्या दुबळ्या बॅटरीने साथ सोडली आणि संगणक धाडकन बंद पडला, तर ती फाइल लिहिलीच जात नाही; पुढची सुरुवात पहिल्या पायरीपासून करावी लागते. त्यामुळे ज्या गावात दिवसातून दोनदा लाइट जाते, तेथल्या सेवा केंद्राला किंवा झेरॉक्सच्या दुकानाला प्रत्येक वेळी लांबची सुरुवात भोगावी लागते, आणि समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली माणसे ताटकळत उभी राहतात. यूपीएसची बॅटरी बदलणे हा त्यावरचा अर्धा उपाय आहे. उरलेला अर्धा उपाय येथे सांगत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे पुढची भीती कमी होईल. आपोआप उघडण्याची नोंद बंद करणे म्हणजे प्रोग्राम काढून टाकणे नव्हे. प्रोग्राम संगणकात जागच्या जागी राहतो, त्याच्या फाइली राहतात, आणि आपण चिन्हावर दोनदा क्लिक केले की तो नेहमीसारखा उघडतो. अशा सगळ्या नोंदींची 'स्टार्टअप' नावाची एक यादी विंडोजमध्ये असते. म्हणून त्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी न बोलावता हा प्रोग्राम हजर नसला, तर माझे कोणते काम अडेल? उत्तर 'काहीच नाही' असे आले तर नोंद बंद करावी, एखादे ठरावीक काम डोळ्यांसमोर आले तर राहू द्यावी, आणि उत्तरच सापडत नसेल तर ते सापडेपर्यंत त्या नोंदीला हात लावू नये.

आधी वेळ मोजावी

काहीही बदलण्यापूर्वी मोबाइलवरचे स्टॉपवॉच लावून दोन आकडे वहीत लिहावेत. संगणक चालू होऊ लागल्यापासून पासवर्डचा पडदा येईपर्यंत किती वेळ लागला, हा पहिला आकडा; आणि पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर उघडून त्यात अक्षर टाइप करता येईपर्यंत किती वेळ लागला, हा दुसरा. या लेखातला मुख्य उपाय प्रामुख्याने दुसऱ्या आकड्यावर चालतो. पहिलाच आकडा मोठा असेल तर दोष बहुधा डिस्कचा किंवा यंत्राचा असतो, आणि स्टार्टअपची यादी कितीही झाडली तरी त्यात मोठा फरक पडत नाही.

मोजताना संगणक 'रीस्टार्ट' करूनच मोजावा. 'शट डाउन' आणि मग 'ऑन' केल्यास फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा जुन्याच अवस्थेतून उठतो, आणि दोन वेळांची तुलना फसवी होते. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र विंडोज दर वेळी नव्याने सुरू होते.

यादी कोठे असते

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये तो पहिल्यांदा लहान खिडकीत उघडतो; तेव्हा खाली डावीकडे असलेल्या 'मोअर डिटेल्स' या शब्दांवर क्लिक करावे आणि वरच्या पट्टीतून 'स्टार्टअप' निवडावे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत हीच जागा डावीकडच्या चिन्हांच्या रांगेत 'स्टार्टअप अ‍ॅप्स' या नावाने आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी आपल्याकडचे पुष्कळ संगणक अजून त्यावरच चालतात आणि कृती दोन्हींकडे सारखीच आहे. नावावर क्लिक करून 'डिसेबल' दाबले की नोंद बंद होते, त्याच जागी 'एनेबल' दाबले की ती परत येते.

ज्यांना टास्क मॅनेजरचे आकडे पाहून बिचकायला होते, त्यांनी 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅप्स' आणि त्यात 'स्टार्टअप' उघडावे. तेथे प्रत्येक नावापुढे लाइटच्या बटणासारखे एक बटण असते. सोय चांगली आहे. पण पुढे सांगितलेली बारकाईची माहिती तेथे दिसत नाही, म्हणून माझा आग्रह टास्क मॅनेजरचाच असतो. एखाद्या दुकानात अजून विंडोज ७ असेल, तर विंडोजचे बटण आणि आर दाबून उघडणाऱ्या 'रन'च्या चौकटीत 'एमएसकॉन्फिग' असे इंग्रजीत लिहून उघडणाऱ्या खिडकीत 'स्टार्टअप'चा भाग मिळतो.

यादी कशी वाचावी

यादीत साधारणतः चार स्तंभ दिसतात: नाव, प्रकाशक, स्थिती आणि 'स्टार्टअप इम्पॅक्ट'. नवशिक्यांचे लक्ष या शेवटच्या स्तंभावरच जाते आणि 'हाय' दिसले की ते लगेच बंद करतात. या शब्दांमागचे माप ठरलेले आहे. सुरुवातीच्या काळात ज्याने प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन केले, तो 'हाय' ठरतो, ३०० मिलीसेकंद ते १ सेकंद किंवा ३०० केबी ते ३ एमबी यांत बसणारा 'मीडियम' ठरतो, त्याखालचा 'लो'. आता ३ एमबी म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोएवढी जागा, त्यामुळे आजच्या प्रोग्रामला 'हाय' हा शिक्का लागायला फारसे काही करावे लागत नाही. अँटीव्हायरस 'हाय' असू शकतो आणि तरी तो हवाच असतो. उलट एखादा निरुपयोगी प्रोग्राम 'लो' असून दिवसभर मेमरी अडवून बसलेला असतो. म्हणून हा स्तंभ कोणापासून सुरुवात करायची एवढेच सांगतो, निकाल आपल्याच प्रश्नाने लावायचा. 'नॉट मेजर्ड' म्हणजे विंडोजला अजून मोजता आलेले नाही. नुकताच टाकलेला प्रोग्राम बहुधा तसा दिसतो.

खिडकीच्या वरच्या बाजूला 'लास्ट बायोस टाइम' असे लिहून काही सेकंदांचा आकडा दिलेला असतो. काही जुन्या यंत्रांवर तो दिसत नाही. विंडोजच्या हाती कारभार येण्यापूर्वी मदरबोर्डने स्वतःची तपासणी करण्यात घालवलेला हा वेळ आहे.

खरी उपयोगाची माहिती मात्र लपलेली असते. स्तंभांच्या शीर्षकावर माउसचे उजवे बटण दाबावे, उघडणाऱ्या यादीतून 'कमांड लाइन' निवडावे, म्हणजे प्रत्येक नोंद नेमकी कोणत्या फोल्डरमधली कोणती फाइल उघडते हे पूर्ण पत्त्यासह दिसू लागते. नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, पत्त्यावरून मात्र घर कळते. नावावर उजवे बटण दाबून 'ओपन फाइल लोकेशन' निवडले, तर ते घर प्रत्यक्ष उघडते.

ही सवय किती कामाची आहे ते झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर दिसते. दिवसभरात पन्नास जणांचे पेनड्राइव्ह लागणाऱ्या संगणकात, पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस हमखास येतो. त्याची स्टार्टअपमधली नोंद पाहिली तर नाव दिसते 'मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' आणि प्रकाशक दिसतो 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन'. साहजिकच दुकानदार त्याला विंडोजचा भाग समजून सोडून देतो. खोटे त्यात काही नसते. स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम खरोखरच मायक्रोसॉफ्टचा असतो. फक्त कमांड लाइनचा स्तंभ उघडला की त्याच्यापुढे 'अ‍ॅपडेटा' किंवा 'टेम्प' फोल्डरातल्या, शेवटी व्हीबीएस ही अक्षरे असलेल्या एखाद्या फाइलचे नाव दिसते आणि सोंग उघडे पडते. गाडी सरकारी, आत बसलेला मात्र भलताच. अशी नोंद आधी डिसेबल करावी, मग अँटीव्हायरसने पूर्ण तपासणी करावी आणि दुकानात लागणारे स्वतःचे पेनड्राइव्हही तपासावेत. नुसती नोंद बंद केल्याने फाइल जागची हलत नाही.

कधीकधी यादीत चिन्हाविना नुसते 'प्रोग्राम' असे नाव दिसते आणि माणूस घाबरतो. बहुधा ही काढून टाकलेल्या प्रोग्रामची मागे राहिलेली नोंद असते. 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरच्या नावात मध्ये जागा असल्याने विंडोजला पत्ता पहिल्या शब्दापाशीच तुटलेला वाटतो आणि तोच तुटका शब्द नाव म्हणून झळकतो. कमांड लाइन पाहून खात्री करावी आणि बंद करून टाकावे.

काय ठेवावे, काय बंद करावे

लातूरच्या आडत बाजारातल्या एका दुकानाचा संगणक गेल्या वर्षी माझ्याकडे आला होता. सोयाबीनची आवक जोरात होती, पट्ट्या टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून निघत होत्या आणि मुनीमजींचे म्हणणे होते की सकाळी संगणक चालू करून चहा घेऊन आले तरी तो तयार झालेला नसतो. यादीत १६ नोंदी होत्या. त्यांतल्या दोन वेगवेगळ्या प्रिंटरांच्या होत्या आणि एक प्रिंटर तर दोन वर्षांपूर्वीच विकून टाकलेला होता. मालकाच्या मुलाने टाकलेला गाणी ऐकण्याचा प्रोग्राम, टोरेंट, कधीकाळच्या मोबाइलला जोडणारा प्रोग्राम, ऑनलाइन बैठकांचा प्रोग्राम, पीडीएफ वाचकाचा अपडेट शोधणारा मदतनीस, असे एकेक जण ठाण मांडून होते. शेवटी त्यात पाचच नोंदी ठेवल्या. पासवर्डपासून ब्राउझरपर्यंतचा वेळ ४ मिनिटे १० सेकंदांवरून १ मिनिट ४० सेकंदांवर आला. प्रत्येक यंत्रावर एवढा फरक पडेल असे नाही. त्या यादीत गाळ जास्त होता.

प्रिंटरबद्दल गैरसमज फार आहे. स्टार्टअपमध्ये दिसणारा प्रिंटरचा प्रोग्राम बहुधा शाई किती उरली हे दाखवणारा किंवा स्कॅनची खिडकी उघडणारा असतो. छपाईचे काम ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला प्रिंटर वापरता यावा म्हणून टाकलेले सॉफ्टवेअर, आणि विंडोजची 'प्रिंट स्पूलर' ही मागे चालणारी सर्व्हिस करते. त्यामुळे ती नोंद बंद केली तरी सहसा छपाई चालू राहते. प्रिंट स्पूलरला मात्र कधीही हात लावू नये.

मराठी टायपिंगचा विचार वेगळा करावा लागतो. दुकानात किंवा कचेरीत आयएसएम, श्री-लिपी यांसारखे सॉफ्टवेअर वापरून जुन्या फॉन्टमध्ये काम चालत असेल, तर त्याची नोंद राहू द्यावी, कारण सकाळी पहिला अर्ज टाइप करताना इंग्रजी अक्षरे उमटू लागली की गोंधळ होतो. ज्यांचे काम युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर वाचता येणाऱ्या मराठीतच आहे त्यांना मात्र वेगळ्या प्रोग्रामची गरजच उरलेली नाही. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आहे आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून, इंग्रजी अक्षरे दाबून मराठी लिहिणाऱ्यांसाठी 'मराठी फोनेटिक'ही आहे. त्यांची स्टार्टअपमध्ये कसलीही वेगळी नोंद लागत नाही.

लॅपटॉपवर टचपॅडच्या प्रोग्रामची नोंद दिसली तर ती ठेवावी, नाहीतर दोन बोटांनी पान सरकवण्यासारख्या सोयी बंद पडू शकतात. 'विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन' हे लांबलचक नाव फक्त घड्याळाशेजारच्या ढालीचे आहे. ते बंद केल्याने संरक्षण बंद होत नाही, पण धोक्याची खूण डोळ्यांसमोर असलेली बरी. वनड्राइव्ह तुम्ही खरोखर वापरत असाल, म्हणजे फाइली आपोआप ऑनलाइन जपल्या जाव्यात असे वाटत असेल, तर ठेवावा. नुसते खाते आहे म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. एनीडेस्कसारखे, दूरच्या माणसाला आपला संगणक हाताळू देणारे प्रोग्राम मी आवर्जून बंद करतो. टॅली दुरुस्त करणाऱ्याचा फोन आला की उघडावेत आणि काम झाले की मिटावेत. असले दार दिवसभर उघडे ठेवण्याचे काही कारण नाही.

आणि एक इशारा. संगणक वेगवान करून देतो असे सांगणारे 'बूस्टर' आणि 'क्लीनर' प्रकारचे प्रोग्राम फुकट मिळतात म्हणून टाकू नयेत. त्यांतले बरेचसे स्वतःच सर्वांत आधी स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात तसे ते होते.

सर्व्हिसच्या वाटेला जाऊ नये

येथे माझी स्वतःची चूक सांगणे भाग आहे. माझ्या मावसभावाचे केज तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र आहे. रात्री त्याचा संगणक झाडायला बसलो. स्टार्टअपची यादी आवरून झाली, वेळही कमी झाला. पण हौस भागली नव्हती. कोठेतरी वाचलेली युक्ती आठवली आणि 'एमएसकॉन्फिग'च्या खिडकीत 'सर्व्हिसेस'च्या भागात जाऊन 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' या चौकोनात खूण केली, उरलेल्या सगळ्यांवर 'डिसेबल ऑल' दाबले आणि रीस्टार्ट केले. संगणक इतका झटकन उघडला की मी खूश होऊन झोपलो.

सकाळी पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी अंगठा द्यायला माणसे आली आणि ठसे घेणारे यंत्र संगणकाला ओळखूच येईना. आधी यूएसबीची जागा बदलली, मग वायर बदलली, मग ड्रायव्हर नव्याने टाकला. दारात बसलेल्या एका आजोबांनी शांतपणे विचारले, "रात्री तर चांगलं होतं की, तुम्ही काय केलंत?" तेव्हा कोठे डोक्यात उजेड पडला. आधारच्या पडताळणीसाठी यंत्र जोडलेले असून भागत नाही. यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारकडे नोंदवलेल्या उपकरणाची ओळख पटवून देणारा प्रोग्राम, मागे चालू असावा लागतो. ती मायक्रोसॉफ्टची नसल्याने माझ्या 'डिसेबल ऑल'मध्ये सापडली होती. डिजिटल सहीच्या टोकनचा मदतनीसही तिच्यासोबतच गेला होता. सगळ्या खुणा परत करून रीस्टार्ट करेपर्यंत अकरा वाजले.

सर्व्हिस म्हणजे खिडकी न उघडता, कोणी लॉगिन करण्याच्याही आधी, मागच्या मागे चालू होणारा प्रोग्राम. ठशांचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, अँटीव्हायरस, अनेक संगणकांवर चालणाऱ्या टॅलीचा परवाना अशी महत्त्वाची कामे सर्व्हिसकडे असतात आणि त्यांची नावे वाचून काम ओळखता येतेच असे नाही. नवशिक्याने 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादी सर्व्हिस निरुपयोगी असल्याची पक्की खात्री असेलच, तर 'रन'मध्ये 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' असे इंग्रजीत लिहून खिडकी उघडावी आणि त्या एकाच सर्व्हिसचा प्रकार 'ऑटोमॅटिक'वरून 'ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट' करावा. असे केल्याने ती बंद होत नाही, सुरुवातीची गर्दी ओसरल्यावर उठते.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. कोणताही बदल महिन्याच्या गर्दीच्या दिवसांत, दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या दाखल्यांच्या हंगामात किंवा पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात करू नये. बदल केल्यावर लगेच, त्याच रात्री, रीस्टार्ट करून एकदा स्वतःचा अंगठा देऊन पाहावा, एक पान छापावे, एक पीडीएफ सही करून पाहावी आणि मगच कुलूप लावावे.

एका वेळी किती

एका बैठकीत दोन किंवा तीनच नोंदी बंद कराव्यात, वहीत तारीख आणि नावे लिहावीत, आणि दोन दिवस नेहमीचे काम करून पाहावे. सगळे एकदम बंद केले आणि काही अडले, तर नेमके कोणामुळे अडले हे कळत नाही. माझ्यासारखे वायर बदलत बसावे लागते. ज्या संगणकावर दोन जणांची वेगवेगळी लॉगिन असतील, तेथे दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये जाऊनही यादी पाहावी, कारण काही नोंदी संपूर्ण यंत्रासाठी असतात आणि काही एकेका वापरकर्त्यापुरत्या.

बंद केलेली नोंद काही दिवसांनी परत चालू झालेली दिसली तर चकित होऊ नये. काही प्रोग्राम अपडेट होताना आपली नोंद नव्याने करतात. अशा वेळी त्या प्रोग्रामच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन 'विंडोजबरोबर सुरू करा' अशा अर्थाची खूण काढावी. ब्राउझरांचीही वेगळी चाल असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' या भागात, क्रोम मिटल्यावरही मागे चालणारे अ‍ॅप चालू ठेवण्याचे बटण असते, आणि एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' नावाचे बटण असते. ४ जीबी मेमरीच्या संगणकावर ही दोन्ही बंद ठेवावीत. शिवाय 'सेटिंग्ज'मधल्या 'अकाउंट्स'च्या 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये, आधी उघडे असलेले अ‍ॅप पुन्हा लॉगिन केल्यावर आपोआप उघडण्याची सोय असते. काल रात्री मिटायचे राहिलेले प्रोग्राम सकाळी पुन्हा समोर येत असतील तर दोष बहुधा तेथे सापडतो.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण काहींना एखादा प्रोग्राम आपोआप उघडायलाच हवा असतो. आडत दुकानात टॅली, वर्गात हजेरीची फाइल, असे काही. त्यासाठी विंडोजचे बटण आणि आर दाबून 'रन'ची चौकट उघडावी, तीत 'शेल', त्याला लागून कोलन आणि त्याला लागून 'स्टार्टअप' असे इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबावे. एक फोल्डर उघडेल. हव्या त्या प्रोग्रामचा किंवा फाइलचा शॉर्टकट त्यात ठेवला की काम झाले. नको झाला की शॉर्टकट काढून टाकावा.

यापलीकडे रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) आणि टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी कामे सुरू करणारी सोय) येथेही काही नोंदी दडलेल्या असतात. त्या पाहायच्याच असतील तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या संचातला 'ऑटोरन्स' हा विनामूल्य प्रोग्राम वापरावा. तो सगळ्या जागांच्या नोंदी एकत्र दाखवतो. त्यातली पिवळी ओळ म्हणजे जिची फाइलच आता अस्तित्वात नाही अशी नोंद. तेथे 'डिलीट' न करता फक्त पुढची खूण काढावी, म्हणजे परतीची वाट उघडी राहते.

काही बिघडलेच तर

टास्क मॅनेजरमधल्या नोंदी बंद केल्याने संगणक सुरूच होऊ नये असे सहसा होत नाही. सर्व्हिसमध्ये हात घातला असेल तर होऊ शकते. अशा वेळी पासवर्डच्या पडद्यावर पॉवरच्या चिन्हातून 'रीस्टार्ट' निवडताना शिफ्टचे बटण दाबून धरावे, निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' या क्रमाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट करावे आणि यादी आली की ४ दाबावे, म्हणजे सेफ मोड उघडतो. सेफ मोडमध्ये विंडोज मोजक्या आवश्यक गोष्टींनिशी उघडते. तेथे वहीतल्या शेवटच्या नोंदी पाहून बदल मागे घ्यावा. ज्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल, तेथे सेफ मोडमध्ये जाताना रिकव्हरीची किल्ली मागितली जाऊ शकते, म्हणून ती आधीच शोधून ठेवावी.

मॅक वापरणाऱ्यांसाठी ही यादी 'सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'जनरल' भागात 'लॉगिन आयटम्स' या नावाने असते. उबुंटूवर 'स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स' शोधावे. दोन्हीकडे प्रश्न तोच विचारायचा.

सगळे करूनही दुसरा आकडा दोन-तीन मिनिटांच्या खाली येत नसेल, तर टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडून लॉगिननंतर 'डिस्क'चा आकडा पाहावा. तो कितीतरी वेळ १०० टक्क्यांवर चिकटून राहत असेल आणि डिस्कच्या नावाखाली 'एचडीडी' लिहिलेले असेल, तर यादीत आणखी काही शोधत बसू नये. फिरणाऱ्या तबकडीच्या डिस्कला एकाच वेळी दहा ठिकाणची फाइल मागितली की तिची सुई इकडून तिकडे धावत राहते. एसएसडी या चिपांवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारे काही नसल्याने ही अडचण येत नाही. मावसभावाच्या संगणकात शेवटी मी एसएसडीच बसवली, जुनी डिस्क स्कॅन केलेल्या कागदपत्रांसाठी तशीच आत ठेवली. आता लाइट परत आल्यावर तो रांगेतल्या माणसाला "बसा, चहा घ्या" म्हणत नाही, कारण चहा येण्याआधी संगणक तयार असतो.